परभाषेतील लेखनाचे मूल्यमापन : फ्रेंचचा वर्ग आणि यवतमाळची मराठी वही

पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकणारा मराठी विद्यार्थी आणि यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या पोडावरून आश्रमशाळेत येऊन मराठी शिकणारा कोलाम मुलगा यांच्यात वरवर पाहता काहीच साम्य दिसत नाही. एकाने परकी भाषा हौसेने अथवा व्यवसायासाठी निवडलेली असते. दुसऱ्यावर ती शाळेच्या पहिल्या दिवसापासून येऊन पडलेली असते. तथापि ज्या क्षणी हे दोघे कागदावर चार वाक्ये लिहून शिक्षकाच्या हाती देतात, त्या क्षणी शिक्षकापुढे उभा राहणारा प्रश्न एकच असतो. जी भाषा लिहिणाऱ्याची मातृभाषा नाही, त्या भाषेतील त्याच्या लेखनास गुण कोणत्या तत्त्वावर द्यावयाचे? फ्रेंच भाषेच्या अध्यापनात या प्रश्नाचा ऊहापोह दीर्घकाळ झालेला आहे. मराठीच्या अध्यापनात मात्र मराठी ही सर्वांची मातृभाषाच आहे असे गृहीत धरून उत्तरपत्रिका तपासण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखात फ्रेंचच्या वर्गातील अनुभवाच्या आधारे यवतमाळच्या मराठी वहीचा विचार केला आहे.

प्रश्नाचे स्वरूप

यवतमाळ जिल्ह्यात मराठीखेरीज अनेक भाषा घरोघरी बोलल्या जातात. केळापूर, मारेगाव, झरी-जामणी, वणी, राळेगाव, घाटंजी इत्यादी तालुक्यांत कोलाम व गोंड यांची वस्ती आहे. पुसद, दिग्रस, दारव्हा या बाजूस बंजारा समाजाचे तांडे आहेत. कोलामी व गोंडी या द्राविड कुळातील भाषा होत. बंजारा समाजाची गोरमाटी ही आर्यभारतीय असून राजस्थानी गटाशी संबद्ध आहे. महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम व माडिया गोंड या तीन जमाती विशेष असुरक्षित आदिम जमाती म्हणून शासनाने निश्चित केलेल्या आहेत. २०११ च्या जनगणनेत कोलामी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या सबंध देशात सव्वा लाखाच्या आसपास होती. आदिवासी विकास विभागाच्या एकात्मिक प्रकल्पांची पांढरकवडा व पुसद ही दोन कार्यालये या एकाच जिल्ह्यात आहेत, यावरूनही येथील भाषिक परिस्थितीची कल्पना येऊ शकेल.

कोलामीचा अभ्यास मराठी वाचकास अगदीच अपरिचित असू नये. ग्रियर्सनच्या भारतीय भाषांच्या पाहणीच्या १९०६ साली निघालेल्या चौथ्या खंडात तिची नोंद आहे. इतिहासकार म्हणून महाराष्ट्रास सुपरिचित असलेल्या सेतुमाधवराव पगडी यांनी पैनगंगेपलीकडील आदिलाबादच्या परिसराशी आलेल्या संबंधातून कोलामीचे व्याकरण रचले. ते १९५० साली प्रसिद्ध झाले. पुढे १९५५ साली मरे एमेनो यांचा वर्धा भागातील कोलामीवरील ग्रंथ कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रसिद्ध केला. सारांश, या मुलांच्या घरातील भाषेला व्याकरण आहे आणि ते लिहून ठेवलेले आहे. ते वही तपासणाऱ्याच्या टेबलापर्यंत पोहोचलेले नाही, एवढेच.

या ठिकाणी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. फ्रेंचच्या विद्यार्थ्यास लेखनात कमी गुण मिळाले तर त्याचे नुकसान फ्रेंचपुरते मर्यादित राहते. कोलाम मुलाचे तसे नाही. तो इतिहासाचे उत्तर मराठीत लिहितो, विज्ञानाचे मराठीत लिहितो, गणितातील शाब्दिक उदाहरणही मराठीतच वाचतो. म्हणून त्याच्या मराठी लेखनाविषयी शिक्षकाचे जे मत बनते, ते हळूहळू त्याच्या बुद्धीविषयीचे मत होऊन बसते. ‘लिहिता येत नाही’ या शेऱ्याचे ‘डोके चालत नाही’ या शेऱ्यात रूपांतर होण्यास फार वेळ लागत नाही.

गुण कशाला द्यावयाचे

लेखन तपासण्याची सर्वांत जुनी पद्धत म्हणजे चुका मोजण्याची. फ्रान्समध्ये श्रुतलेखन हा शालेय शिक्षणाचा मानबिंदू मानला जाई. प्राथमिक शिक्षणाच्या प्रमाणपत्र परीक्षेत श्रुतलेखनातील पाच चुका म्हणजे शून्य गुण, असा दंडक पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. या पद्धतीचा मोठा गुण असा की, ती सोपी आहे व तिच्यात पक्षपातास फारसा वाव नाही. तिचा दोष असा की, जो अधिक लिहितो तो अधिक चुकतो. भीतीने तीनच वाक्ये लिहिणारा विद्यार्थी तिच्यात सुरक्षित राहतो आणि मनातले सांगू पाहणारा मार खातो.

दुसरी पद्धत संपूर्ण लेखन वाचून एकच गुण देण्याची. तिच्यात लेखनाकडे समग्रतेने पाहिले जाते. परंतु पाहणारे डोळे वेगवेगळे असतात. १९१२ साली अमेरिकेत स्टार्च व इलियट यांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका निरनिराळ्या शाळांतील १४२ शिक्षकांकडून तपासून घेतली. शंभरपैकी ६४ पासून ९८ पर्यंत गुण तिला पडले. १९६१ साली डिडरिक, फ्रेंच व कार्लटन यांनी ३०० निबंध ५३ परीक्षकांपुढे ठेवले व नऊ श्रेणींपैकी एक द्यावयास सांगितले. एकाही निबंधास पाचांहून कमी वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या नाहीत. या मतभेदांची छाननी केली असता असे आढळले की, काही परीक्षक विचारांना महत्त्व देत होते, काही मांडणीला, काही शैलीच्या आकर्षकतेला, काही शुद्धलेखनादी तांत्रिक अंगांना, तर काही शब्दयोजनेला. म्हणजे परीक्षक बेफिकीर नव्हते. प्रत्येक जण वेगळीच गोष्ट मोजत होता.

तिसरी पद्धत या शोधातूनच पुढे येते. काय मोजावयाचे ते आधी ठरवून त्याचे भाग पाडावयाचे व प्रत्येक भागाला स्वतंत्र गुण द्यावयाचे. १९८५ पासून चालू असलेल्या फ्रेंचच्या ‘देल्फ’ परीक्षांत हेच तत्त्व आहे. श्रवण, वाचन, लेखन व संभाषण यांना प्रत्येकी २५ गुण असतात. शंभरपैकी ५० मिळाल्यास विद्यार्थी उत्तीर्ण होतो. मात्र कोणत्याही एका अंगात ५ पेक्षा कमी गुण असता कामा नयेत. लेखनाचे २५ गुणही एका ठोक निर्णयाने दिले जात नाहीत. सांगितलेले काम पार पडले काय, मजकूर सुसंगत आहे काय, शब्दसंग्रह पुरेसा आहे काय, वाक्यरचना व रूपे कितपत साधली आहेत, या प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या रकान्यांत मांडली जातात. शिवाय २००१ साली युरोप परिषदेने प्रसिद्ध केलेल्या भाषिक पातळ्यांच्या आराखड्यानुसार प्रत्येक पातळीवर काय अपेक्षित आहे ते आधीच सांगितलेले असते. पहिल्या पातळीवरच्या विद्यार्थ्याकडून साध्या टपालपत्राएवढी अपेक्षा असते. चौथ्या पातळीवर सुमारे २५० शब्दांत आपले मत युक्तिवादासह मांडावे लागते. पहिल्या पातळीचे लेखन चौथ्या पातळीच्या मापाने मोजणे हा तेथे परीक्षकाचा दोष ठरतो.

मराठी विद्यार्थ्याचे फ्रेंच

चूक कोठून येते हे कळल्याशिवाय तिचे मोल ठरविता येत नाही. १९६७ साली एस. पिट कॉर्डर यांनी या दृष्टीने एक उपयुक्त भेद केला. थकव्याने, घाईने वा अनवधानाने झालेली व लिहिणाऱ्यास दाखविताच त्याला दुरुस्त करता येणारी चूक म्हणजे स्खलन. लिहिणाऱ्याच्या मनात तयार झालेल्या नियमातून निघालेली व म्हणून पुनःपुन्हा होणारी चूक म्हणजे नियमबद्ध चूक. पहिलीवरून विद्यार्थ्याविषयी फारसे काही कळत नाही. दुसरीवरून तो भाषेच्या कोणत्या पायरीवर उभा आहे ते कळते. १९७२ साली लॅरी सेलिंकर यांनी याच विचाराला पुढे नेऊन असे प्रतिपादले की, शिकणाऱ्याची भाषा ही त्याच्या मातृभाषेहून व शिकावयाच्या भाषेहूनही वेगळी, पण स्वतःची व्यवस्था असलेली मध्यभाषा असते.

मराठी विद्यार्थ्याचे फ्रेंच पाहिल्यास याचा प्रत्यय येतो. मराठीत तीन लिंगे आहेत, फ्रेंचमध्ये दोन. पुस्तक, टेबल, घर हे मराठीतील नपुंसकलिंगी शब्द फ्रेंचमध्ये गेल्यावर कोठे बसवावयाचे हा प्रश्न त्याला पडतोच. फ्रेंचमध्ये पुस्तक पुल्लिंगी होते व टेबल स्त्रीलिंगी. चंद्र मराठीत पुल्लिंगी, तर फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी. नामापूर्वी येणारे उपपद तर मराठीत नाहीच. त्यामुळे ते गळते. वय सांगताना फ्रेंचमध्ये ‘मजपाशी वीस वर्षे आहेत’ अशा धर्तीचे ‘झे व्हँ-ताँ’ हे वाक्य लागते. मराठी विद्यार्थी ‘मी वीस वर्षांचा आहे’ या आपल्या वाक्यावरून व आधी शिकलेल्या इंग्रजीवरून ‘असणे’ हे क्रियापद योजून मोकळा होतो.

भूतकाळाचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. ‘ती गेली’ या वाक्यास फ्रेंचमध्ये ‘एल ए आले’ म्हणतात. येथे क्रियापदाचे रूप मराठीप्रमाणेच कर्त्याच्या लिंगानुसार बदलते, म्हणून ते मराठी विद्यार्थ्याला चटकन पटते. परंतु मराठीत सर्वसाधारण अकर्मक क्रियापदे याच रीतीने चालतात, तर फ्रेंचमध्ये जाणे-येणे इत्यादी थोडीच. ‘ती झोपली’ हे वाक्य त्याच साच्यात घातले की चूक होते. उलट सकर्मक क्रियापदात मराठी रूप कर्माप्रमाणे बदलते : आंबा खाल्ला, कैरी खाल्ली. फ्रेंचमध्ये कर्म मागून आले तर रूप तसेच राहते. कर्म आधी आले तरच ते कर्माचे लिंग घेते. त्यात बहुतेक वेळा उच्चार मुळीच बदलत नाही, लेखनात एक अक्षर तेवढे वाढते. ज्या विद्यार्थ्याने ते अक्षर नको तेथे वाढविले, त्याने मराठीच्या न्यायाने बरोबरच केलेले असते. त्याला ‘आळशी’ म्हणणे चुकीचे ठरेल. त्याला ‘तुझी भाषा कर्माला नेहमी मानते, फ्रेंच भाषा कर्म पुढे आले तरच मानते’ एवढे सांगितले की काम भागते.

येथे आणखी एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. हा नियम फ्रेंच मुलांनाही जड जातो. त्यामुळे फ्रान्सच्या शिक्षणमंत्र्यांनी १९०१ साली व पुन्हा १९७६ साली आदेश काढून परीक्षांत कोणती रूपे चूक धरू नयेत याच्या याद्या दिल्या. १९९० साली शुद्धलेखनात सुचविलेले बदलही जुन्या रूपांबरोबर ग्राह्य मानले गेले. शुद्धतेविषयी अत्यंत काटेकोर म्हणून गणल्या जाणाऱ्या भाषेलाही परीक्षकाच्या लाल पेन्सिलीस मर्यादा घालावी लागली, हे विसरता कामा नये.

सात वाक्यांची वही

आता यवतमाळकडे वळू. विवेचनासाठी पाचवीतील एका मुलाची वही कल्पिली आहे. घरी कोलामी, गावात वऱ्हाडी व शाळेत प्रमाण मराठी अशा तीन भाषांत तो वावरतो. ‘माझा कालचा दिवस’ या विषयावर तो लिहितो :

‘काल मी आणी आजी जंगलात गेलो. खूप उन होते. आजी मोहफुले वेचली. मी बी वेचलो. आजी मले पानी दिली. ते पानी गोड लागले, कारण ते आजी दुरून आणली होती. मग आम्ही पोडावर आलो.’

चुका मोजणाऱ्या परीक्षकाच्या हाती ही वही गेली तर त्याच्या खुणा अशा पडतील : आणी, उन, आजी, बी, वेचलो, आजी, मले, पानी, दिली, पानी, आजी, आणली. एकंदर बारा. प्रत्येकी अर्धा गुण कापल्यास दहापैकी चार उरतात. आता याच बारा खुणा कारणांनुसार लावून पाहू.

पहिला गट शुद्धलेखनाचा. त्यात दोन खुणा येतात. ‘ऊन’ हा शब्द ऱ्हस्व लिहिला, ही साधी चूक. ‘आणी’ची गोष्ट निराळी आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांप्रमाणे मराठी शब्दाच्या अंती येणारा इकार दीर्घ लिहावयाचा असतो. ‘आणि’ व ‘नि’ हे त्याला अपवाद होत. मुलाने नियम पाळला आणि अपवाद चुकविला. ज्याला नियमच ठाऊक नाही त्याची व याची बरोबरी होऊ शकत नाही.

दुसरा गट वऱ्हाडीचा. ‘बी’, ‘मले’ व दोनदा आलेले ‘पानी’ मिळून त्यात चार खुणा आहेत. वऱ्हाडीत णकाराच्या जागी नकार येतो व चतुर्थीला ‘ले’ हा प्रत्यय लागतो. ही रूपे मुलाने गावातील मराठी भाषकांकडूनच घेतली आहेत. त्याला ण लिहिता येत नाही असेही म्हणता येत नाही. ‘आणी’ व ‘आणली’ या शब्दांत त्याने तो बिनचूक लिहिला आहे. म्हणून अक्षर गिरविण्याची शिक्षा येथे निरुपयोगी ठरेल. त्याला ‘पानी’ व ‘पाणी’ ही एकाच शब्दाची दोन रूपे असून पुस्तकात दुसरे वापरतात, एवढेच कळावयास हवे.

तिसरा गट सर्वांत मोठा. त्यात सहा खुणा आहेत. ‘आजी’ या शब्दाला तीनदा ‘ने’ प्रत्यय लागलेला नाही, आणि वेचलो, दिली, आणली ही तीन क्रियापदे कर्माऐवजी कर्त्याप्रमाणे चालविली आहेत. या सहाही खुणांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात मराठी कर्त्याला तृतीया लावते व क्रियापद कर्माकडे सोपविते, हे मुलाला अजून उमगलेले नाही. वऱ्हाडी बोलणारा मुलगा ‘आजीनं’ म्हणतोच. म्हणून ही चूक गावच्या बोलीतून आलेली नाही. कोलामीत क्रियापद भूतकाळातही कर्त्यालाच अनुसरते, तेव्हा तिचे मूळ घरच्या भाषेत असणे संभवनीय आहे.

तथापि सगळा भार कोलामीवर टाकणेही बरोबर नाही. मराठीनेही मुलाची फसवणूक केलेली आहे. ‘मी’ला प्रमाण मराठीत ‘ने’ लागतच नाही. शिवाय ‘मी धडा शिकलो’, ‘ती पाणी प्याली’, ‘मी नाव विसरलो’ ही वाक्ये सकर्मक असूनही क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते. हे अपवाद मुलाच्या कानावर रोज पडतात. ‘मी धडा शिकलो’ हे शुद्ध असेल, तर ‘मी फुले वेचलो’ हे अशुद्ध का, हा प्रश्न त्याने विचारला तर पुष्कळ शिक्षकांना उत्तर देण्यापूर्वी थांबावे लागेल.

आता मुलाला जे येते त्याचा हिशेब. ‘ते पानी गोड लागले’ या वाक्यात त्याने पाणी हा शब्द नपुंसकलिंगी चालविला आहे. म्हणजे ‘पानी दिली’ ही लिंगाची चूक नव्हती, हे त्याच्याच वहीने सिद्ध केले. कोलामीत पुरुषवाचक शब्दांचा एक वर्ग व स्त्रिया, प्राणी, वस्तू या सर्वांचा दुसरा वर्ग अशी दोनच लिंगे आहेत. त्या मुलाने मराठीचे तिसरे लिंग आत्मसात करावे ही लहान गोष्ट नव्हे. फ्रेंच शिकणाऱ्याला तर तीनांतून दोनांतच यावयाचे असते. ‘आजी मोहफुले वेचली’ या वाक्यात क्रियापदाचे रूप योगायोगाने बरोबर दिसते, कारण एकवचनी स्त्रीलिंगी कर्ता व अनेकवचनी नपुंसकलिंगी कर्म यांना ‘वेचली’ हे एकच रूप लागते. त्या वाक्यावरून काहीच निष्कर्ष काढता येत नाही. पुढच्या ‘वेचलो’वरून तो निघतो. शेवटच्या वाक्यातील ‘आम्ही’ही योग्य आहे. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ व त्याला वगळून ‘आम्ही’ हा भेद मराठीत आहे आणि कोलामीतही आहे. फ्रेंचमध्ये तो नाही. येथे कोलाम मुलाची मातृभाषा त्याच्या मदतीला येते.

याखेरीज मजकुराचा विचार उरतोच. प्रारंभ आहे, क्रम आहे, ‘कारण’ या अव्ययाने जोडलेले कार्यकारण आहे, शेवट आहे. पाणी गोड का लागले याचे उत्तर मुलाने आजीच्या श्रमांत शोधले आहे. बारा खुणांखाली हे वाक्य दडून जाते, हीच चुका मोजण्याच्या पद्धतीची खरी हानी होय.

प्रमाण आणि बोली

या विवेचनावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. परीक्षामंडळाचा परीक्षक मुलाचे पोड पाहत नाही; त्याला उत्तरपत्रिकाच दिसते. वर्गात सौम्यपणा दाखविणारा शिक्षक त्या मुलाला पुढच्या परीक्षेत तोंडघशी पाडतो. तेव्हा आजच कठोर असणे हेच दयाळूपणाचे नव्हे काय?

या आक्षेपात तथ्य आहे. प्रमाण मराठी येणे हा त्या मुलाचा हक्क आहे, आणि बोलीचे कौतुक करून त्याला तिच्यापासून वंचित ठेवणे अन्यायाचेच होईल. परंतु चूक न दाखविणे आणि चुकीचा दंड न करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘आजीने पाणी दिले’ हे शिकविलेच पाहिजे. प्रश्न एवढाच की, ते शिकविण्यापूर्वीच त्याचे सहा वेळा गुण कापावयाचे काय? अंतिम परीक्षेतील तपासणी व वर्षभरातील तपासणी यांचे हेतू वेगळे आहेत. एकीत विद्यार्थी कोठे पोहोचला ते ठरवावयाचे असते, दुसरीत त्याला पुढे कोठे न्यावयाचे ते. दुसरी नीट झाली तरच पहिलीत गुण मिळतात.

कायद्याचा कलही याच बाजूस आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला ३५०-अ हा अनुच्छेद भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी करण्याविषयी सांगतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मुलाची मातृभाषा असावे असे म्हटले आहे, व मूल्यमापन सर्वंकष आणि सातत्यपूर्ण असावे असेही. मातृभाषेतून शिक्षण देण्याची व्यवस्था सर्वत्र झालेली नसली, तरी मातृभाषेचे भान ठेवून वही तपासण्यास कोणत्याही नव्या व्यवस्थेची वाट पाहावी लागत नाही.

व्यवहार्य पद्धती

पन्नास-साठ वह्यांचा गठ्ठा समोर असलेल्या शिक्षकास जे करता येईल तेच सुचविणे योग्य. फ्रेंच वर्गातील अनुभवावरून पुढील पाच गोष्टी यवतमाळच्या वर्गास लागू करता येतील.

पहिली गोष्ट, वही दोनदा वाचावी. पहिल्या वाचनात हातात पेन्सिल नसावी. मुलाने काय सांगितले आहे ते कळल्यावर मजकूर व मांडणी यांचे गुण त्याच वेळी लिहून टाकावेत, म्हणजे पुढे दिसणाऱ्या चुकांची सावली त्यांच्यावर पडत नाही.

दुसरी गोष्ट, गुणांचे भाग आधी सांगावेत. दहा गुणांच्या लेखनात मजकुराला चार, मांडणीला दोन, शब्दांना दोन व व्याकरण-शुद्धलेखनाला दोन अशी वाटणी करता येईल. प्रमाण कोणते असावे यापेक्षा ते मुलांना अगोदर ठाऊक असणे महत्त्वाचे. वरील वहीला या वाटणीने व्याकरण-शुद्धलेखनात शून्य दिले आणि शब्दांचा एक गुण कापला, तरी मजकूर व मांडणी यांचे गुण शाबूत राहून तिला सात पडतात. चार आणि सात यांत फरक तीनच गुणांचा आहे. पण एका मुलाला तो पुन्हा लिहावयास लावील आणि दुसऱ्याला वही मिटावयास.

तिसरी गोष्ट, एका नियमाची चूक एकदाच धरावी. बारा खुणांऐवजी समासात ‘ने’ एवढे एकच अक्षर लिहून त्या जागा मुलालाच शोधावयास सांगाव्यात. ज्या जागा त्याला सापडतील ती स्खलने होत. ज्या सापडणार नाहीत तो उद्याचा धडा होय.

चौथी गोष्ट, बोलीतील रूपांसाठी वेगळी खूण ठेवावी व वर्गात दोन रकान्यांची यादी लावावी : घरी ‘पानी’, पुस्तकात ‘पाणी’, घरी ‘मले’, पुस्तकात ‘मला’. कोलामी व गोंडी शब्दांसाठी तिसरा रकाना मुलांकडूनच भरून घेता येईल. त्यात शिक्षकाचाही लाभ आहे, कारण चुकीचे मूळ त्याला त्या रकान्यात सापडेल.

पाचवी गोष्ट, सत्रातून एकदा तरी दोन शिक्षकांनी त्याच दहा वह्या एकमेकांचे गुण न पाहता तपासाव्यात व नंतर तुलना करावी. १४२ शिक्षकांवर झालेला प्रयोग दोघांतही करता येतो. जेथे गुणांत मोठे अंतर पडेल, तेथे प्रत्येक जण काय मोजत होता याची चर्चा व्हावी. वहीइतकीच परीक्षकाचीही परीक्षा यात होते.

फ्रेंच व मराठी यांचा विद्याक्षेत्रातील संबंध जुना आहे. मराठीच्या जडणघडणीचा पहिला विस्तृत शास्त्रीय इतिहास झ्यूल ब्लॉक यांनी फ्रेंच भाषेत लिहिला व तो १९२० साली प्रसिद्ध झाला. एका परक्या विद्वानाने मराठीची रूपे चुका म्हणून न पाहता व्यवस्था म्हणून पाहिली, त्यामुळेच ते कार्य होऊ शकले. पोडावरील मुलाच्या वहीकडे पाहताना याच दृष्टीची गरज आहे. त्याने लिहिलेले ‘आजी पानी दिली’ हे वाक्य मराठीच्या वाटेवरील एक मुक्काम आहे. तो कोठे पोहोचला व पुढचा टप्पा कोणता, हे त्याला स्पष्ट सांगता आले म्हणजे मूल्यमापनाचे काम पुरे झाले असे समजावे.